पोच्याचे मोल : शहापूर-मुरबाडचे पत्राकाम आणि मोटार विमा

मोटारीच्या दारावर किंवा बंपरवर पडलेला लहानसा पोचा रस्त्याकडेच्या गॅरेजात रोखीने काढून घेतला तर एक रक्कम लागते आणि तोच पोचा विम्याच्या क्लेममधून काढून घेतला तर बिल तिच्या कितीतरी पट होते, हा अनुभव ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, आता घरोघरचा झाला आहे. या तफावतीचा दोष कधी गॅरेजवाल्याच्या लोभाला तर कधी विमा कंपनीच्या चलाखीला दिला जातो. तसे प्रकार घडतही असतील, पण व्यक्तींचा स्वभाव बाजूला ठेवला तरी तफावत शिल्लक राहते, कारण दुरुस्तीची किंमत कोणी ठरवायची आणि काम झाल्याचा पुरावा कशाला मानायचे, हे दोन्ही प्रश्न गेल्या शतकभरात कारागीर आणि मालक यांच्या हातून निसटून कागदपत्रांच्या हाती गेले आहेत. शहापूर तालुक्यातल्या तानसा परिसराचा इतिहास हे स्थित्यंतर समजण्यासाठी विशेष उपयोगी पडतो, कारण येथे वाहनदुरुस्तीचे जुने आणि नवे असे सारे टप्पे एकाच रस्त्याच्या कडेने घडले.

हा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा मार्ग, जो वासिंद, शहापूर, आटगाव, खर्डी असा वर चढत कसाऱ्याजवळ थळ घाटात शिरतो. त्याच दिशेने जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये घाट ओलांडून इगतपुरीला पोहोचला आणि आटगावपासून आत असलेल्या तानसा नदीवर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. दक्षिणेकडे कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे या गावांवरून माळशेज घाटाकडे जाणारा दुसरा रस्ता आहे आणि किन्हवलीवरून जाणारी वाट या दोन्ही रस्त्यांना जोडते. मोटार येण्यापूर्वी या वाटांवर भात, लाकूड आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी लागणारे गवत वाहणाऱ्या बैलगाड्या होत्या. गाडीचे लाकूडकाम सुतार करी, तर चाकाला लोखंडी धाव चढवण्याचे आणि तुटलेला आख सांधण्याचे काम लोहाराकडे असे. कोकणात बलुत्याची व्यवस्था देशावरच्याइतकी बांधीव नव्हती, तरीही जेथे ती होती तेथे कारागिराला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे न देता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा दिला जाई. वर्षभरात गाडी एकदा मोडो वा चारदा, वाटा तोच राही. पुढे विम्याने जे तत्त्व शास्त्रीय रूपात मांडले, म्हणजे अनिश्चित खर्चाच्या बदल्यात आधीच ठरलेली रक्कम देण्याचे तत्त्व, त्याचा एक अंश या व्यवहारात होता. फरक एवढाच की येथे दुरुस्ती करणारा आणि जोखीम उचलणारा माणूस एकच होता, त्यामुळे काम काटकसरीने आणि टिकाऊ करण्यात त्याचे स्वतःचे हित होते. मोटारविम्यात या दोन भूमिका वेगळ्या झाल्या आणि पुढच्या बहुतेक गुंतागुंतीचे मूळ तेथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर मालवाहतूक वाढली तसे रस्त्याकडेचे पत्राकामही वाढत गेले. टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून ट्रक बनवायला सुरुवात केली, पण कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू बहुधा इंजिनासह नुसता सांगाडा, म्हणजे चेसिस असे. केबिन आणि मालाचा हौदा सुतार, लोहार आणि पत्राकाम करणारे मिस्त्री आपल्या पद्धतीने बांधत. ज्या माणसाने ट्रकचा पत्रा स्वतः वाकवून, रिवेट मारून बसवला, त्याला घाटात घासलेला पत्रा सरळ करणे अवघड नव्हते. याच पिढीने महिंद्राच्या जीपगाड्या आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी, पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट यांची दुरुस्ती केली. पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीचे हलके घाव घालत फुगवटा उतरवायचा, ताणलेला पत्रा गॅसच्या ज्योतीने तापवून ओल्या फडक्याने आकसवायचा, उरलेला खळगा पुट्टीने भरायचा, ती पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची आणि मग प्राइमर व रंगाचे हात द्यायचे, असा हा क्रम होता. रंग लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा किंवा सावकाश वाळणारा एनॅमलचा असे. पांढरा, काळा, मळकट निळा अशा मोजक्या छटांमुळे नवा रंग जुन्यात मिसळून जाई. बंपर पोलादी असल्यामुळे तोही ठोकून सरळ करता येई आणि गरज पडल्यास त्यावर पुन्हा क्रोमचा मुलामा चढवता येई. बदलीचा भाग लागलाच तर तो कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणला जाई. या साऱ्या कामाची किंमत मालकाच्या डोळ्यांदेखत घासाघीस होऊन ठरे आणि तिचा मुख्य घटक मजुरीचा, म्हणजे हाताच्या कौशल्याचा असे.

विम्याचा इतिहास या काळात समांतर, पण बराचसा अलिप्त चालला होता. सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा उतरवणारी पहिली भारतीय कंपनी, इंडियन मर्कंटाइल, १९०७ मध्ये मुंबईत निघाली आणि दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सची स्थापना केली. मोटारींच्या बाबतीत निर्णायक ठरला तो १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. ही सक्ती केवळ तृतीय पक्षाच्या विम्याची होती, म्हणजे वाहनामुळे दुसऱ्या माणसाला इजा झाली, आणि पुढे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी, त्याची भरपाई देण्यापुरती. १९८८ च्या नव्या कायद्यानेही तेच तत्त्व कायम ठेवले. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा तेव्हाही ऐच्छिक होता आणि आजही ऐच्छिक आहे. सरळगाव किंवा खर्डीच्या रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या जीप आणि टेंपो यांच्याकडे बहुधा सक्तीपुरतीच पॉलिसी असते, त्यामुळे त्यांच्या पोच्यांचा विमा कंपनीशी कधी संबंधच येत नाही. ग्रामीण भागात रोखीचा भाव टिकून राहिला, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

स्वतःच्या नुकसानीचा विमा घेतलेल्यांसाठी मात्र दुरुस्तीच्या व्यवहारात तिसरा माणूस आला. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेयरचा, म्हणजे नुकसानीची पाहणी करून रक्कम ठरवणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल आवश्यक करण्यात आला. ही मर्यादा पुढे वाढली आणि तिच्याखालच्या दाव्यांची पाहणी कंपनीचा स्वतःचा माणूस करू लागला, पण पाहणीशिवाय पैसे नाहीत हा नियम रूढ झाला तो कायमचाच. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचा व्यवसाय नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांत एकवटला. मोटारविम्याचे हप्ते आणि अटी देशभर टॅरिफने, म्हणजे सर्वांवर बंधनकारक असलेल्या दरपत्रकाने ठरू लागल्या. हे दरपत्रक वाचल्याशिवाय आजच्या बिलांचा अर्थ लागत नाही, कारण दरांवरील बंधन २००७ मध्ये उठले तरी त्यातील मोजमापे प्रमाणित पॉलिसीत अजूनही तशीच आहेत.

या मोजमापांतील सर्वांत परिणामकारक कलम घसाऱ्याचे आहे. घसारा म्हणजे वापरामुळे वस्तूच्या मूल्यात होणारी घट. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवला तर मालकाला फुकटचा लाभ होऊ नये, म्हणून कंपनी ही घट भरपाईतून वजा करते. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयाप्रमाणे चढत जातो. पहिले सहा महिने तो शून्य असतो, दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्या वर्षात २५ टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. काचेवर तो मुळीच नाही, तर रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर तो गाडी कालची असली तरी ५० टक्के असतो. रंगकामात फक्त सामानाच्या खर्चावर निम्मा घसारा लागतो आणि बिल एकत्रित असल्यास सामानाचा वाटा २५ टक्के धरला जातो. याशिवाय प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम असते, जी १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २,००० रुपये आहे. मजुरीवर घसारा नाही, ही बाब येथे मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कागदावर पाहिले तर हे दरपत्रक हातोडीच्या कामाच्या बाजूचे आहे, कारण ठोकून काढलेल्या पत्र्याची मजुरी पूर्ण मिळते आणि बदललेल्या भागाला कात्री लागते. प्रत्यक्षात मात्र उलट घडत गेले आणि भाग बदलण्याचीच रीत पडली.

हिशेब समजण्यापुरते सोपे आकडे घेतले तर घसारा आणि त्याच्या जोडीचा नो क्लेम बोनस यांचा एकत्रित परिणाम स्पष्ट होतो. नो क्लेम बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट. ती क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढते आणि एकही दावा झाला की शून्यावर येते. समजा बंपर ८,००० रुपयांचा, तो बसवण्याची मजुरी १,००० रुपये आणि रंगकाम ४,००० रुपये आहे. कर सोडून बिल १३,००० रुपयांचे झाले. कंपनी बंपरचे ४,०००, मजुरीचे १,००० आणि रंगाचे ३,५०० रुपये मान्य करील आणि त्यातून सक्तीची १,००० रुपयांची रक्कम वजा करून ७,५०० रुपये देईल. उरलेले ५,५०० रुपये मालकाच्या खिशातून जातील. आता हप्त्याकडे पाहावे. सूट धरण्यापूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आणि चालू वर्षाची सूट ३५ टक्के असेल, तर दावा न करणाऱ्याचा पुढच्या वर्षीचा हप्ता ५,५०० आणि त्यानंतर दरवर्षी ५,००० रुपये राहील. दावा करणाऱ्याला मात्र क्रमाने १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० रुपये भरावे लागतील. पाच वर्षांतला हा फरक १२,००० रुपयांचा आहे. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरतो, तरीही ७,५०० रुपये मिळवण्यासाठी तेवढीच किंवा त्याहून अधिक रक्कम पुढे सावकाश फेडावी लागण्याची शक्यता राहतेच, आणि ही फेड दुरुस्तीच्या बिलावर कोठेही छापलेली नसते.

बिलाचा मूळ आकडाच मोठा का झाला, याचे उत्तर गाडीच्या बदललेल्या घडणीत आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्यामागोमाग हलक्या, पातळ पत्र्याच्या गाड्यांचा काळ सुरू झाला. एक मिलिमीटरहून पातळ असलेला पत्रा ज्योतीखाली धरला तर तो आकसण्याऐवजी लहरतो, आणि कारखान्यात दिलेला गंजरोधक थर जळून जातो. शहापूर-मुरबाडसारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात, जेथे भातशेतीच्या दिवसांत गाडी महिनोन्‌महिने ओलीच असते, ही हानी मोठी आहे, कारण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पुट्टीखाली गंज धरतो आणि एक-दोन पावसाळ्यांत रंग फुगून येतो. पोलादी बंपर गेला आणि प्लास्टिकचा आला. सुरुवातीला काळा, रंग न दिलेला असलेला हा बंपर पुढे गाडीच्या रंगात रंगवला जाऊ लागला, त्यामुळे ओरखडाही दुरुस्तीचा विषय झाला. रंगाची पद्धतही बदलली. धातूचे सूक्ष्म कण असलेला रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर अशी दुहेरी रचना आली. ठिगळासारखा रंग दिला तर प्रकाशात तो लगेच ओळखू येतो, म्हणून पूर्ण पॅनेल, म्हणजे आख्खे दार किंवा आख्खे मडगार्ड रंगवावे लागते आणि कधी शेजारच्या पॅनेलवरही छटा ओढत न्यावी लागते. त्यासाठी धूळविरहित, तापवलेली बंद खोली, रंग मिसळण्याचे यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि ओरखडा वीतभर असो की हातभर, या साधनांचा खर्च तेवढाच येतो. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागे वाहन घेताना सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले आणि ते मागच्या बंपरमध्येच बसवलेले असतात. त्यामुळे पूर्वी केवळ पत्र्याचा असलेला भाग आता विजेच्या उपकरणाचाही झाला आहे. लहान दुरुस्ती महाग होण्यामागची ही कारणे खरी आहेत आणि ती विमा नसलेल्या मालकालाही लागू पडतात.

विम्याने या कारणांवर आणखी एक थर चढवला. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. खासगी कंपन्या त्याआधीच बाजारात आल्या होत्या आणि आता त्यांच्यात हप्त्यावरील सवलतींची स्पर्धा सुरू झाली. त्याच सुमारास कॅशलेस पद्धत रूढ झाली, जिच्यात ठरवून घेतलेले गॅरेज आपले बिल थेट कंपनीकडून वसूल करते आणि मालक फक्त फरकाची रक्कम देतो. घसारा माफ करणारे झीरो डेप संरक्षण जादा हप्त्यावर मिळू लागले. ते बहुधा पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांना आणि वर्षाला ठरावीक दाव्यांपुरतेच असते, पण त्याच्यामुळे भाग बदलण्याला उरलेला एकमेव आर्थिक अडथळाही दूर झाला. गाडी विकणारा विक्रेताच पॉलिसीही देतो आणि अपघातानंतर दुरुस्तीही करतो, ही साखळी इतकी घट्ट झाली की विमा नियामकाने २०१७ मध्ये वाहन विक्रेत्यांच्या या भूमिकेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. या साखळीत दुरुस्तीच्या क्षणी पैसे देणारा आणि काम पाहणारा माणूस एक नसतो. मालक काम पाहतो पण पैसे दुसऱ्याचे आहेत असे समजतो. कंपनी पैसे देते पण काम तिला छायाचित्रांतून आणि बिलांतूनच दिसते.

येथेच हातोडीच्या कामाचा पराभव झाला, असे म्हणावे लागते. नवा बंपर आणला तर त्याचा क्रमांक असतो, छापील किंमत असते, करासहित बिल असते आणि काढलेला जुना बंपर सॅल्व्हेज, म्हणजे भंगार म्हणून दाखवता येतो. याउलट मिस्त्रीने अर्धा दिवस खपून पत्रा इतका नीट काढला की पोचा होता हेच कळू नये, तर त्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणून एका ओळीच्या मजुरीखेरीज काहीही उरत नाही. सर्व्हेयरला आपला निर्णय लेखापरीक्षणात टिकवायचा असतो, बॉडीशॉपला काम परत यायला नको असते, उत्पादकाला वॉरंटीची अट सांभाळायची असते. प्रत्येकाच्या जागी उभे राहून पाहिले तर नवा भाग बसवणे हाच निर्धोक मार्ग ठरतो. कोणाही एकाची नियत वाईट नसताना सर्वांत खर्चिक पर्याय निवडला जातो आणि तो खर्च अखेर सर्व विमाधारकांच्या हप्त्यांत वाटला जातो. ज्या प्रदेशात पत्रा हाताने घडवणाऱ्यांची अखंड परंपरा होती, तेथे ही उपेक्षा अधिक दुःखद आहे, कारण हे ज्ञान पुस्तकात नव्हते आणि शिकाऊ मुलगा मिस्त्रीच्या शेजारी वर्षानुवर्षे उभा राहूनच ते मिळवत असे.

नव्या भागांच्या किमतीही खुल्या बाजारातून आलेल्या नव्हत्या, हे भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयाने प्रकाशात आणले. आयोगाने १४ मोटार उत्पादकांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला; अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना न देता ती आपल्या अधिकृत जाळ्यातच राखून ठेवणे हा स्पर्धेवरील घाला आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आयोगाने मांडलेले वास्तव शहापूरच्या गॅरेजवाल्याला नवे नव्हते. अस्सल भाग हवा असेल तर तो त्याला अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि त्याच्याच किमतीला घ्यावा लागे. अधिकृत बॉडीशॉप बहुधा कल्याण, भिवंडी आणि ठाणे या शहरांकडे आहेत, त्यामुळे टोकावड्याच्या किंवा कसाऱ्याच्या मालकाला कॅशलेस सोयीसाठी गाडी तिकडे न्यावी लागते, पाहणीची वाट पाहावी लागते आणि तोवर गाडीविना राहावे लागते. या काळात बुडालेली मजुरी, भाडे आणि हेलपाटे यांची गणना क्लेमच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. उशीर करून दावा केला आणि पोच्यात गंज दिसला, तर नुकसान जुने ठरून नाकारले जाण्याची शक्यता असते, कारण झीज आणि गंज पॉलिसीत समाविष्ट नसतात.

करव्यवस्थेने ही दरी आणखी रुंदावली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के आणि दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील करही १८ टक्क्यांवर आला. मालकाच्या दृष्टीने ही सवलत स्वागतार्ह असली, तरी नवा भाग बसवणे आणि जुना भाग हाताने दुरुस्त करणे यांत कराचा जो थोडा फरक दुरुस्तीच्या बाजूने होता, तोही तिच्यामुळे नाहीसा झाला. रस्त्याकडेचा मिस्त्री तर या हिशेबात सहसा येतच नाही. वर्षाला २० लाख रुपयांहून कमी उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून तो कर आकारत नाही आणि गिऱ्हाइकाला काम स्वस्त पडते. परंतु नोंदणी क्रमांक आणि संगणकीय बिल नसल्यामुळे कंपन्यांच्या कॅशलेस यादीत त्याला जागा मिळणे कठीण जाते. त्याच्याकडे मग दोन प्रकारची कामे येतात : ज्यांच्याकडे केवळ तृतीय पक्षाची पॉलिसी आहे अशा जुन्या गाड्या, आणि बोनसचा हिशेब मांडून क्लेम न करण्याचे ठरवलेल्या मालकांच्या नव्या गाड्या. दुसऱ्या प्रकारातल्या मालकाने स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा पूर्ण हप्ता भरलेला असतो आणि पोच्याचे पैसेही तोच देतो.